नेत्रवैद्यकाचे शिक्षण: संस्थेचे नाव पाहावे की हाताला मिळणारे काम?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी वैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. नेत्रविभागात काम करताना हा विषय मला मनापासून आवडला आणि पुढे त्यातच पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे वाटते. पण काही शंका सुटत नाहीत. ओळखीचे सगळे सांगतात, की ही आरामाची शाखा आहे, म्हणून घे. केवळ त्यासाठी एखादी शाखा घ्यावी हे मला पटत नाही, शिवाय तिथे रोज नेमके काय करावे लागते हेही मला पुरते माहीत नाही. दुसरे म्हणजे, बारीक टाके घालताना माझा हात किंचित थरथरतो. तिसरे, जागा निवडायची वेळ आली तर नामांकित संस्था घ्यावी, जिथे दुर्मीळ आजारांचे रुग्ण येतात पण निवासी डॉक्टरांच्या, म्हणजे तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांच्या, वाट्याला शस्त्रक्रिया कमी येतात असे ऐकले आहे, की फारसे नाव नसलेली पण भरपूर शस्त्रक्रिया होणारी जागा घ्यावी? आणि एक प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. तिला ऑप्टोमेट्री, म्हणजे दृष्टी तपासून चष्मा व लेन्स देण्याचे शास्त्र, शिकायची आहे, तर नातेवाईक म्हणतात, की डॉक्टर होणे जमत नाही म्हणून ही पळवाट. तिला मी काय सांगावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

ही शाखा आरामाची आहे, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि पुष्कळ गैरसमज आहे. प्रसूतिशास्त्राच्या किंवा सामान्य शल्यचिकित्सेच्या तुलनेत रात्रीची धावपळ कमी असते आणि बहुतेक रुग्ण शस्त्रक्रिया झाली की त्याच दिवशी घरी जातात, एवढे खरे आहे. परंतु डोळ्यात चुना उडालेला कामगार दारात आला, तर त्याची दृष्टी तपासण्याआधी, केसपेपर काढण्याआधी डोळा धुवायला घ्यावा लागतो, कारण अल्कली आम्लापेक्षाही खोल शिरत जाते आणि वाया जाणारे प्रत्येक मिनिट कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, हानी वाढवत असते. रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची, मुख्य धमनी बंद पडली, तर हाती फार थोडा वेळ असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन काही दिवस झालेला रुग्ण ठणकणारा, लाल डोळा आणि अंधूक झालेली नजर घेऊन आला आणि आत जंतुसंसर्ग झाल्याची शंका आली, तर सकाळची वाट पाहता येत नाही. लगेच डोळ्याच्या आतील द्रवाचा नमुना घेऊन आत प्रतिजैविक सोडावे लागते.

खरा थकवा मात्र या प्रसंगांचा नसतो, तो रोजच्या बाह्यरुग्ण विभागाचा असतो. एकामागून एक रुग्ण येतात, बहुतेकांच्या तक्रारी सारख्याच असतात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या तक्रारीमागे गंभीर आजार दडलेला असतो. पन्नाशी उलटलेली व्यक्ती सांगते, की मध्येच काही क्षण दिसेनासे होते. तिला डोकेदुखीबद्दल, केस विंचरताना टाळू दुखते का याबद्दल आणि जेवताना जबडा दुखतो का याबद्दल विचारले नाही, तर धमनीदाहाचे निदान हातचे जाते आणि थोड्याच दिवसांत तिची दृष्टी कायमची जाऊ शकते. डोकेदुखीचा तरुण रुग्ण चष्म्याच्या नंबरासाठी म्हणून येतो आणि पडदा तपासताना दृष्टीच्या नसेवर सूज दिसते. मग तो प्रश्न मेंदूचा होतो. मधुमेह आणि रक्तदाब यांच्या खुणा तर आपण रोज पाहतो. नेत्रवैद्यक घेतले म्हणजे बाकीचे वैद्यक मागे पडले, असे समजून या शाखेत येणाऱ्याची लवकरच निराशा होते.

आणखी एक गोष्ट शाखा निवडण्यापूर्वीच माहीत असावी. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. हे वाक्य तुम्हाला असंख्य वेळा, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहत उच्चारावे लागेल, आणि त्याच बैठकीत उरलेली दृष्टी टिकवण्यासाठी आयुष्यभर रोज थेंब घालायला त्याला तयार करावे लागेल. मोतीबिंदूच्या यशाने मिळणारे समाधान फार मोठे असते, पण विद्यार्थ्याला बहुधा तेवढेच दिसते. म्हणून माझी विनंती आहे, की आंतरवासिता काळात जमेल तेव्हा शस्त्रक्रियागृहाबाहेर, तपासणीच्या खोलीत बसा. खोलीतला प्रकाश बंद करून स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकाचा, प्रखर किरण एक मिलिमीटरभर लांबी-रुंदीचा करा आणि तो तिरका सोडून कॉर्निया आणि बुबुळ यांमधल्या पोकळीत पाहा. आत दाह असेल तर कवडशात धूळ तरंगावी तशा पेशी तरंगताना दिसतात आणि तेवढ्या चौकटीत त्या किती आहेत हे मोजून दाहाची श्रेणी ठरते. नवख्याला पहिल्यांदा काहीच दिसत नाही. वरिष्ठ म्हणतात, पेशी आहेत, आणि आपण मान डोलावतो. दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहण्याची ओढ तुम्हाला वाटली आणि चष्म्याच्या नंबरासाठी आलेल्या चाळिसाव्या रुग्णाचेही ऐकून घेण्याचा कंटाळा आला नाही, तर ही शाखा तुमची आहे. आराम मिळतो की नाही, हा प्रश्न मग मागे पडेल.

आता हाताचे. थोडा कंप प्रत्येक माणसाच्या हाताला असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो मोठा दिसतो, त्यामुळे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून स्वतःची बोटे पाहणारा जवळजवळ प्रत्येक शिकाऊ डॉक्टर घाबरतो. डोळ्याची शस्त्रक्रिया हात अधांतरी धरून करायची नसते. मनगट किंवा करंगळीची बाजू रुग्णाच्या कपाळावर अथवा गालावर टेकलेली असते आणि हालचाल फक्त बोटांच्या टोकांची होते. अपुरी झोप, रिकामे पोट, जादा कॉफी आणि घाई यांनी कंप वाढतो, तर बैठक, खुर्चीची उंची आणि सराव यांनी तो कमी होतो. १०-० क्रमांकाचा नायलॉनचा धागा केसापेक्षाही बारीक असतो. त्याने प्राण्याच्या डोळ्यावर किंवा कृत्रिम पापुद्र्यावर सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून पाहा. पहिल्या दिवसाच्या टाक्यांवरून काही ठरवू नका. काही आठवडे नियमित सराव केल्यावर प्रगती दिसते की नाही, एवढेच पाहा. मात्र कंप वाढत चालला असेल, पेला उचलताना किंवा लिहितानाही जाणवत असेल, अथवा घरात इतरांना तसा त्रास असेल, तर शाखा ठरवण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.

हाताच्या काळजीत लोक डोळ्यांची चौकशी करायचे विसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली खोली कळण्यासाठी दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारी त्रिमितीय दृष्टी लागते, आणि कोवळ्या वयातला तिरळेपणा किंवा एका डोळ्याचा आळशीपणा राहून गेला असेल तर ती कमी असू शकते. रंगदृष्टीतील दोष सौम्य असेल तर बहुतेक काम निभावते, पण दृष्टीच्या नसेचा फिकेपणा ओळखण्यासारख्या गोष्टींत अधिक सावध राहावे लागते, आणि काही ठिकाणी प्रवेशाचे नियमही वेगळे असतात. दोन्ही चाचण्या काही मिनिटांत होतात. त्या आत्ताच करून घ्याव्यात. पायांचाही विचार करावा लागतो, हे नव्या विद्यार्थ्यांना माहीत नसते. फेको, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू काढण्याची शस्त्रक्रिया, करताना एक पाय सूक्ष्मदर्शकाच्या पेडलवर असतो आणि दुसरा यंत्राच्या. या दुसऱ्या पेडलच्या पहिल्या टप्प्यात फक्त पाणी वाहते, दुसऱ्यात त्याबरोबर ओढ सुरू होते आणि तिसऱ्यात ध्वनिलहरींची शक्ती चालू होते. हात स्थिर असूनही पाय चुकीच्या क्षणी तिसऱ्या टप्प्यात गेला, तर भिंगाची पिशवी फाटू शकते. हे सारे शिकता येते, आणि तुमच्याहून जास्त थरथरणाऱ्या हातांनी सुरुवात केलेले पुष्कळ जण आज निर्धास्तपणे शस्त्रक्रिया करतात.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचा पाया त्या निर्णयावर उभा राहतो, आणि तो बहुधा ऐकीव माहितीवर घेतला जातो.

प्रशिक्षणाची मुदत देशोदेशी फार वेगळी आहे. भारतात पदवीनंतर तीन वर्षांत नेत्रशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळते. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष सर्वसाधारण वैद्यकीय काम आणि मग तीन वर्षे नेत्रशास्त्र असते. ब्रिटनमध्ये दोन वर्षांच्या प्राथमिक प्रशिक्षणानंतरचा नेत्रशास्त्राचा अभ्यासक्रम सात वर्षांचा आहे. अमेरिकेत निवासी डॉक्टरने मुख्य शल्यचिकित्सक म्हणून मोतीबिंदूच्या किमान ८६ शस्त्रक्रिया करणे अपेक्षित असते, तर ब्रिटनमध्ये ही अपेक्षा दीर्घकाळ ३५० ची राहिली आहे. हे आकडे मी एवढ्यासाठीच देते, की पदवीचे नाव तज्ज्ञ असेच असले तरी त्या नावामागे हाताला मिळालेल्या कामात कितीतरी पट अंतर असू शकते, आणि एकाच देशातल्या दोन संस्थांमध्येही असेच अंतर असते. मुदत कमी असेल तिथे तर कोणत्या विभागात ती वर्षे जातात याला आणखीच महत्त्व येते.

परंतु नुसता आकडाही फसवतो. शंभर शस्त्रक्रिया केल्या, असे सांगणाऱ्या दोन निवासी डॉक्टरांपैकी एकाने त्या वरिष्ठांच्या शेजारी बसून, प्रत्येक टप्प्यावर सूचना घेत केलेल्या असतात आणि दुसऱ्याने गर्दी उरकायला माणूस हवा म्हणून. दुसऱ्याच्या हाताला वेग येतो, पण चुकीच्या सवयीही त्याच वेगाने मुरतात आणि नंतर त्या निघता निघत नाहीत.

चांगले शिक्षण कसे दिसते, ते एका टप्प्यावरून सांगते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाच्या पिशवीच्या पुढच्या पापुद्र्याला साधारण पाच मिलिमीटर व्यासाचे गोल तोंड करावे लागते. हा पापुद्रा काही मायक्रॉन जाडीचा असतो. त्याला सुईने छेद देऊन एक झालर उचलायची आणि ती चिमट्याने धरून, पुन्हा पुन्हा पकड बदलत, वर्तुळात फाडत न्यायची. पुढच्या पोकळीतला दाब जरा कमी झाला की फाटण्याची दिशा कडेकडे वळते, आणि ती एकदा बुबुळाआड गेली की पुढची शस्त्रक्रिया धोक्यात येते. उत्तम शिक्षक हा टप्पा शिकाऊ डॉक्टरला पहिल्या दिवशी देत नाही. तो शेवटापासून शिकवतो. आधी फक्त छेद पाण्याने फुगवून बंद करायचा, मग शस्त्रक्रियेसाठी डोळ्यात भरलेले जेल काढायचे, मग कृत्रिम भिंग पिशवीत बसवायचे, मग मऊ भाग शोषून घ्यायचा, आणि हे सगळे हाताखालून गेल्यावर पापुद्र्याचे वर्तुळ व शेवटी ध्वनिलहरी. त्यामुळे रुग्णाला धोका कमी राहतो आणि शिकणाऱ्याला पुढचा टप्पा कसा संपतो हे आधीच ठाऊक असते. आणि पापुद्रा कडेकडे पळू लागला, तर शिक्षक हात मागे ओढून घेत नाही. तो म्हणतो, थांब, जेल भर, आता झालर मागे वळवून केंद्राकडे ओढ. हे एक वाक्य योग्य क्षणी कानावर पडण्यासाठी शेजारी कोणीतरी बसलेले असावे लागते. संस्था निवडताना तुम्ही त्या शेजारच्या खुर्चीची चौकशी करायची आहे.

ही चौकशी विभागप्रमुखांकडे करून फारसा उपयोग होत नाही. तिथे चांगलेच सांगितले जाते. शेवटच्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना एकेकटे भेटा. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः केलेल्या किती शस्त्रक्रिया झाल्या, असे विचारा, आणि लगेच पुढे विचारा, की भिंगाची मागची पिशवी फाटली तेव्हा पुढचे कोणी केले. वरिष्ठांनी बाजूला करून स्वतः उरकले, असे उत्तर आले तर तिथे अर्धेच शिक्षण मिळते, कारण पुढे आलेला काचद्रव, म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग, कसा कापून काढायचा, हे एकट्याने काम सुरू करण्यापूर्वी शिकायला हवे. मी एकटाच होतो, कसेबसे केले, असे उत्तर आले तर त्या जागेपासून दूर राहा. वरिष्ठांनी टप्प्याटप्प्याने सांगत करून घेतले आणि नंतर चित्रफीत लावून चर्चा झाली, असे कोणी म्हणाले, तर त्या विभागात आणखी थोडा वेळ घालवा. गुंतागुंतींची नोंद ठेवली जाते का, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तो रुग्ण त्याच निवासी डॉक्टरला पुन्हा पाहायला मिळतो का, हेही विचारा. आपल्या हातून झालेल्या कामाचा परिणाम ज्याला पाहायला मिळत नाही, त्याचा हात सुधारण्याचा मार्गच बंद होतो. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी या संस्थेने प्रत्येक शस्त्रक्रियेचे टप्पे पाडून नवशिक्यापासून सक्षमापर्यंत श्रेणी देण्याचे तक्ते तयार केले आहेत. एखाद्या विभागात ते किंवा तसे काही वापरले जात असेल, तर तिथे शिकवण्याचा विचार झालेला आहे असे समजायला हरकत नाही. सिम्युलेटर असेल तर उत्तमच, पण तो कुलपात असतो की वापरात, तेही विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेइतकीच तपासणीची चौकशी करा. डोक्यावर बांधायचा ऑफ्थॅल्मोस्कोप आणि हातात धरलेले २० डायॉप्टरचे भिंग घेऊन पडदा पाहताना प्रतिमा उलटी दिसते, आणि सुरुवातीला ती हातीच लागत नाही. जुन्या पद्धतीचे शिक्षक दिसलेला पडदा काढायला लावतात. निजलेल्या रुग्णाच्या छातीवर कागद उलटा ठेवायचा आणि दिसते तसे उतरवत जायचे, म्हणजे कागद सरळ केल्यावर चित्र आपोआप सुलट होते. सुटलेला पडदा निळ्या रंगात, जागेवर असलेला लाल रंगात, कोरॉइड, म्हणजे पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर, तपकिरी. कॅमेरे आल्यापासून हे चित्र काढणे वेळखाऊ वाटू लागले आहे आणि पुष्कळ ठिकाणी बंद झाले आहे. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण पडद्याच्या कडेचे बारीक छिद्र शोधायची सवय काढल्याशिवाय लागत नाही आणि छायाचित्रात ती कड अनेकदा येतच नाही. एखाद्या विभागात अजूनही हे करून घेत असतील, तर ती त्या विभागाची मोठी जमेची बाजू समजा.

तर निवड कशी करावी? दोन्ही जागांवर शेजारची खुर्ची भरलेली असेल, तर पदव्युत्तर शिक्षणासाठी मी भरपूर काम देणारी, कमी नावाची जागा निवडायला सांगेन आणि नामांकित संस्था पुढच्या फेलोशिपसाठी, म्हणजे पदव्युत्तर पदवीनंतरच्या उपशाखेच्या प्रशिक्षणासाठी, राखून ठेवायला सांगेन. स्लिट लॅम्प, रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश फिरवून चष्म्याचा नंबर काढणे), पडद्याची तपासणी आणि मोतीबिंदू या मूलभूत गोष्टींवर हात याच वर्षांत बसावा लागतो. दुर्मीळ आजार नंतर वाचून, परिषदांमधून, फेलोशिपमधून शिकता येतात. पण पदवी हातात आल्यावर रुग्ण तुमच्याकडे पूर्ण तयार झालेला शल्यचिकित्सक म्हणून पाहतो आणि तेव्हा पहिले वर्तुळ फाडायला शिकणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते. नामांकित संस्थेत फेलोशिप करणारे डॉक्टर आधीच तज्ज्ञ असतात, त्यामुळे अवघड शस्त्रक्रिया साहजिकच त्यांच्याकडे जातात आणि निवासी डॉक्टर नोंदी लिहीत राहतो, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. ती सर्वत्र खरी नाही, पण निराधारही नाही. याउलट, कमी नावाच्या जागेत शस्त्रक्रिया भरपूर आणि देखरेख नाही, अशी स्थिती आढळली तर मी निःसंकोचपणे नामांकित संस्था घ्या म्हणेन. कमी केलेले काम पुढे वाढवता येते, पण वाईट तऱ्हेने अंगवळणी पडलेले काम मोडून पुन्हा उभे करणे फार कठीण जाते, आणि मधल्या काळात त्याची किंमत रुग्णांचे डोळे मोजतात.

आणखी एक कसोटी लावा. मोतीबिंदूखेरीज तिथे काय होते? काचबिंदूच्या शस्त्रक्रिया, तिरळेपणा, अश्रुमार्ग, पापण्या, डोळ्याच्या जखमा, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची पडद्याची तपासणी, यांपैकी निम्म्या गोष्टी तरी नियमित होत असाव्यात. एकाच शस्त्रक्रियेत तरबेज झालेला डॉक्टर त्या शस्त्रक्रियेबाहेरचा रुग्ण समोर आला की गोंधळतो.

विभागात वाचन आणि चर्चा होते का, हा प्रश्न कोरडा वाटेल, पण तो मी मुद्दाम विचारायला सांगते. हेल्महोल्ट्झने १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे आणला, तोपर्यंत जिवंत माणसाचा पडदा नीट पाहण्याचे साधनच डॉक्टरांकडे नव्हते. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले, तेव्हा त्यांना अनेक वर्षे विरोध सहन करावा लागला. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू काढण्याची पद्धत मांडली आणि पुढे मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेत मुरलेल्या असंख्य शल्यचिकित्सकांना मध्यम वयात नव्याने शिकावे लागले. पडद्याचे थर दाखवणारी ओसीटी तपासणी १९९१ मध्ये प्रथम मांडली गेली. आज तिच्याशिवाय रेटिनाचा विभाग चालत नाही. २०१८ मध्ये मधुमेही रुग्णांच्या पडद्यातील बिघाड डॉक्टरविना ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीला अमेरिकेत मान्यता मिळाली. तुमच्या कारकिर्दीतही आज शिकलेली एखादी पद्धत निश्चितच बाजूला पडेल. अशा वेळी ज्याला प्रकाशशास्त्र, शरीररचना आणि आजाराची कारणे मुळातून कळली आहेत, तो नवीन पद्धत उचलतो. ज्याला फक्त हातांची कसरत ठाऊक आहे, तो मागे राहतो. म्हणून हात तयार करणाऱ्या जागेतही आठवड्यातून एकदा तरी केस मांडून प्रश्न विचारले जात असावेत, एवढा आग्रह धरा.

कोणती उपशाखा घ्यायची, हे आत्ता ठरवू नका. रेटिना, कॉर्निया, काचबिंदू, बालनेत्ररोग, पापण्या व अश्रुमार्ग, दृष्टीची नस आणि मेंदू, या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि तो निवासी डॉक्टर म्हणून दुसऱ्या वर्षात गेल्याशिवाय कळत नाही.

आता तुमच्या बहिणीबद्दल. तिला कोणी हिणवत असेल, तर त्या माणसाला ऑप्टोमेट्रीचे काम माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टिविषयक अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना जवळचे किंवा दूरचे नीट दिसत नाही, आणि त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांची अडचण टाळता आली असती किंवा तिच्यावर अजून उपाय झालेला नाही. त्यातला फार मोठा भाग योग्य चष्मा न मिळाल्याचा आहे. २०५० पर्यंत जगातील जवळजवळ निम्मी लोकसंख्या लघुदृष्टीची असेल, असा अंदाज २०१६ मध्ये संशोधकांनी मांडला आहे. हे काम नेत्रशल्यचिकित्सकांनी एकट्याने पेलण्यासारखे नाही, आणि खरे सांगायचे तर त्यातील कितीतरी भाग ऑप्टोमेट्रिस्ट आमच्यापेक्षा चांगला करतात.

बोलता न येणाऱ्या मुलाच्या चष्म्याचा नंबर कसा काढतात, हे तिला एकदा पाहू द्या. थेंब घालून बाहुली मोठी केलेली असते आणि डोळ्याची जवळ पाहण्याची ताकद तात्पुरती थांबवलेली असते. मूल आईच्या मांडीवर बसलेले, चुळबुळत असलेले. ऑप्टोमेट्रिस्ट हातभर अंतरावरून रेटिनोस्कोपचा उभा प्रकाश बाहुलीवरून आडवा फिरवते आणि आतून परत येणारी चमक प्रकाशाबरोबर सरकते की उलट दिशेने, ते पाहते. प्रकाशाच्याच दिशेने सरकली तर अधिकचे भिंग, उलट सरकली तर उण्याचे. भिंगे बदलत बदलत एका क्षणी चमक सरकायची थांबते आणि पूर्ण बाहुली एकदम उजळते. मग अंतराचा हिशोब वजा करायचा, प्रकाश आडवा करून दुसऱ्या अक्षात हेच पुन्हा करायचे. मुलाने एक शब्दही न बोलता त्याच्या डोळ्याचा नंबर हातात येतो, आणि तो वेळेवर मिळाला नाही तर त्या डोळ्याची दृष्टी आळशी राहून जाण्याचा धोका असतो. या कामाला पळवाट म्हणणे मला तरी जमणार नाही. याखेरीज शंकूसारख्या झालेल्या कॉर्नियासाठी विशेष कॉन्टॅक्ट लेन्स बसवणे, दोन्ही डोळ्यांच्या ताळमेळाचे दोष शोधणे, अत्यल्प दृष्टी उरलेल्यांना साधने देऊन वाचते करणे, मुलांची वाढती लघुदृष्टी आटोक्यात ठेवणे, ही सारी स्वतंत्र कौशल्ये आहेत.

तरीही तिला एक प्रश्न तुम्ही मोकळेपणाने विचारायला हवा, आणि तो नातेवाइकांसमोर विचारू नका: मनात कुठे शस्त्रक्रिया करण्याची इच्छा आहे का? असेल तर तिने वैद्यकीय पदवीचाच मार्ग धरावा. ऑप्टोमेट्रीतून पुढे नेत्रशल्यचिकित्सक होता येईल, असा समज काही विद्यार्थ्यांमध्ये असतो. तसा आडमार्ग सहसा कुठेही नाही, वैद्यकीय शिक्षण पहिल्यापासून सुरू करावे लागते. ऑप्टोमेट्रिस्टला औषधे लिहिण्याचे आणि उपचारांचे अधिकारही प्रत्येक देशात वेगळे आहेत. अमेरिकेतील काही राज्यांत लेझरच्या मोजक्या उपचारांना परवानगी आहे, तर अनेक देशांत काम तपासणी, चष्मा आणि लेन्स यांपुरते मर्यादित ठेवलेले आहे. जिथे काम करायचे आहे, तिथले नियम तिने स्वतः वाचावेत.

अभ्यासक्रम निवडताना तिने पदवीस्तराचाच घ्यावा, अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नये. भारतातील पदवी आंतरवासितेसह आजवर बहुतेक ठिकाणी चार वर्षांची राहिली आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणानंतर चार वर्षांची व्यावसायिक पदवी असते. संस्था नेत्ररुग्णालयाशी जोडलेली आहे का आणि आंतरवासितेत विद्यार्थी स्वतः रुग्ण तपासतात की केवळ यंत्रांवरील आकडे लिहून घेतात, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे. स्वयंचलित यंत्राने काढलेला नंबर पुढे सरकवण्याची सवय जिथे लावली जाते, तिथे रेटिनोस्कोप कपाटातच राहतो. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी तिने त्या विभागात एक सकाळ बसून, किती रेटिनोस्कोप विद्यार्थ्यांच्या हातात दिसतात, तेवढे पाहून यावे.